रक्तातील दाह आणि हृदयाची बिघडलेली लय

६२ वर्षांच्या एका बाईंची कल्पना करू. त्यांना दोन वर्षांपासून एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मधूनमधून अनियमित पडतात. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या न चुकता घेतात. वार्षिक तपासणीचा अहवाल संध्याकाळी हाती येतो आणि त्यात शरीरातील दाहाचा अंदाज देणारे दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात: सीआरपी १४ आणि ईएसआर ४८. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची आहे. हृदयाला सूज आली असेल का, लय आणखी बिघडणार का, चालू असलेल्या गोळ्या लागू पडत नाहीत की काय, असे प्रश्न त्या चार दिवसांत मनात येणे स्वाभाविक आहे. या आकड्यांत काही अर्थ नक्कीच असतो, परंतु बहुतेक वेळा तो रुग्णाला वाटतो तो नसतो. म्हणूनच ते कसे तयार होतात हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

पायात काटा मोडला की भोवतालची जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. या प्रतिक्रियेला वैद्यकात दाह म्हणतात. शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी आणि दुरुस्तीसाठी सुरू केलेले ते काम असते. दाह फुप्फुसात असो, सांध्यात असो वा हिरड्यांत, तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे रासायनिक निरोप रक्तात सोडतात. हा निरोप यकृताला मिळाला की यकृत काही प्रथिने मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, हे त्यांतील एक आहे. सीआरपी बनते यकृतात, निरोप मात्र शरीराच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेला असू शकतो. त्यामुळे कुठेतरी दाह आहे एवढेच हा आकडा सांगतो, जागा सांगत नाही.

हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना सापडले. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकोकस जिवाणूच्या 'सी' नावाच्या शर्करायुक्त घटकाशी जुळणारे काहीतरी आहे, असे त्यांना दिसले आणि त्यावरूनच हे नाव पडले. दाह सुरू झाल्यावर सहा ते आठ तासांत सीआरपी वाढू लागतो आणि सुमारे ४८ तासांत शिखर गाठतो. कारण संपले की तो तितक्याच वेगाने उतरतो, कारण रक्तातील निम्मे सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसे होते. मागच्या आठवड्यात येऊन गेलेला ताप, काढलेली दाढ किंवा अंग मोडून आलेला दिवस या आकड्यात उमटलेला असू शकतो.

ईएसआरची गोष्ट वेगळी आहे. उभ्या नळीत रक्त ठेवल्यावर एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ही तपासणी मोजते. वॉर्सात एडमंड बिएरनाट्स्की यांनी १८९७ मध्ये तिचे महत्त्व दाखवले आणि पुढे स्वीडनच्या फोरेयुस व वेस्टरग्रेन यांनी तिला आजचे रूप दिले. दाहात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन वाढते, त्यामुळे पेशींच्या चळती होतात आणि त्या लवकर खाली बसतात. मात्र पेशी लवकर बसण्याला रक्तक्षय, गर्भारपण आणि वाढते वय हीदेखील कारणे असतात. स्त्रियांसाठी वयात दहा मिळवून आलेल्या बेरजेची निम्मी संख्या ही ढोबळ वरची मर्यादा मानतात. त्या हिशेबाने आपल्या बाईंची मर्यादा ३६ येते, तर अहवालात सरसकट २० छापलेले असते. शिवाय फायब्रिनोजेन रक्तातून सावकाश ओसरत असल्यामुळे सीआरपी सामान्य झाल्यावरही ईएसआर बरेच दिवस चढा राहतो.

आता हृदयाकडे वळू. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना शालेय पुस्तकांत अलिंद म्हणतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये त्यांतील विद्युत लहरींची शिस्त मोडते, त्या मिनिटाला ३५० ते ६०० वेळा वेड्यावाकड्या फिरतात आणि अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते. रक्त तिथे रेंगाळते, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता जवळपास पाचपट होते, असे अमेरिकेतील फ्रामिंगहॅमच्या दीर्घ पाहणीतून १९९१ मध्ये पुढे आले.

दाहाचा या थरथरीशी संबंध आहे का? १९९७ मध्ये इटलीच्या संशोधकांनी, दुसरा कोणताही हृदयविकार नसूनही लय बिघडलेल्या १२ रुग्णांच्या अलिंदाचे सूक्ष्म तुकडे तपासले. सर्वांच्या तुकड्यांत काही ना काही दोष आढळला आणि त्यांपैकी आठ जणांत स्नायूच्या दाहाच्या खुणा होत्या. २००१ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या एका अभ्यासात लय बिघडलेल्यांचा सीआरपी लिटरमागे सुमारे २.१ मिलिग्रॅम भरला, तर निरोगी लोकांचा ०.९६. ज्यांची लय सतत बिघडलेली होती त्यांचा आकडा, अधूनमधून बिघडणाऱ्यांपेक्षा अधिक होता. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांचा सीआरपी आधीपासून चढा होता त्यांना पुढील वर्षांत हा विकार अधिक प्रमाणात जडलेला आढळला. एवढे वाचून सीआरपीच हृदयाची लय बिघडवतो, असा निष्कर्ष कोणीही काढेल.

तो निष्कर्ष तपासण्याची सर्वांत सुंदर पद्धत कोपनहेगनमधील संशोधकांनी २०१० मध्ये वापरली. काही माणसांच्या जनुकांत जन्मतःच असे फरक असतात की त्यांचा सीआरपी आयुष्यभर थोडा अधिक राहतो. त्याला ना लठ्ठपणा कारण असतो, ना एखादा आजार. सीआरपी हाच दोषी असता, तर अशा माणसांत एट्रियल फिब्रिलेशनही अधिक आढळायला हवे होते. सुमारे ४७,००० लोकांच्या त्या अभ्यासात तसे काही आढळले नाही. सहा वर्षांनी बीजिंगमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया होणाऱ्या १,९२२ रुग्णांवर रोझुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. औषधामुळे शस्त्रक्रियेनंतरचा सीआरपी कमी झाला, परंतु एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण दोन्ही गटांत एकसारखेच, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास राहिले. माझ्या मते रुग्णाने या विषयातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल, तर या दोन अभ्यासांचे तात्पर्य ठेवावे. सीआरपी आगीची वर्दी देतो, आग लावत नाही, आणि वर्दी देणाऱ्याला गप्प केल्याने आग विझत नाही.

आग मात्र खरी असते. दाहामुळे अलिंदाच्या पेशींतील कॅल्शियमची ये-जा बिघडते, शेजारच्या पेशींना जोडणारे दुवे विस्कळीत होतात आणि स्नायूंच्या मधे चिवट तंतू साचतात. परिणामी लहरीला सरळ वाट मिळत नाही. दाहाची यंत्रणा बाहेरून आलेल्या पांढऱ्या पेशींतच असते असेही नाही, ती खुद्द अलिंदाच्या स्नायुपेशींत जागी होऊ शकते, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. उलट दिशेनेही हे चालते: सतत थरथरणारा स्नायू शिणतो आणि त्या शिणातून नवा दाह उपजतो.

क्लीव्हलँडचे आकडे मी मुद्दाम दिले. लय बिघडल्याने वाढणारा सीआरपी साधारणपणे दोन-चार मिलिग्रॅमच्या घरात फिरतो. अहवालात १४, ४० किंवा १०० आले, तर ते केवळ 'हृदयाच्या लयीमुळे' आहे असे समजून स्वस्थ बसता येत नाही आणि दुसरे कारण शोधावेच लागते. हा आकडा वाचताना एककही पाहावे. काही प्रयोगशाळा लिटरमागे, तर काही डेसिलिटरमागे मिलिग्रॅम लिहितात आणि दोहोंत दहापट फरक असतो. हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी अतिसंवेदनशील सीआरपी तपासणी असते. तिच्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प, १ ते ३ म्हणजे मध्यम आणि ३ पेक्षा अधिक म्हणजे जास्त धोका मानतात. मात्र तोच आकडा १० च्या वर गेला, तर धोक्याचा हिशेब बाजूला ठेवून तात्पुरते कारण शोधायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे असते.

डॉक्टरांचे खरे लक्ष असते ते दाह आणि बिघडलेली लय या दोहोंच्या मुळाशी असणाऱ्या कारणांकडे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला दाह झाला की ईएसआर खूप चढतो, ग्रंथीतले संप्रेरक रक्तात सांडते आणि हृदय धावू लागते. गळा दुखत असेल आणि ठोकेही वाढले असतील, तर थायरॉइडची तपासणी टाळू नये. हृदयावरणाच्या दाहातही सीआरपी आणि लय एकाच वेळी बिघडतात. आपल्या देशात संधिवाताच्या तापाचा विचार करावाच लागतो. बालपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा हा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो आणि तरुण वयातच एट्रियल फिब्रिलेशन देतो. भारतातील एका नोंदणीत या विकाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांना असा झडपांचा आजार होता. खराब झडप असलेल्या व्यक्तीला रेंगाळणारा ताप आणि चढता सीआरपी असेल, तर झडपेवरील जंतुसंसर्ग नाही ना, हे त्वरित पाहावे लागते. पेसमेकर बसवलेल्यांनी त्या जागची लाली, सूज किंवा पाणी येणे कधीही अंगावर काढू नये.

रोजच्या जगण्यातली कारणे याहून सामान्य आहेत: पोटाभोवतीची चरबी, झोपेत श्वास अडकणे, मद्यपान, हिरड्यांचा जुना आजार. चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन किमान १० टक्के उतरवून टिकवणाऱ्या सुमारे ४५ टक्के रुग्णांची लय औषधे आणि ॲब्लेशन (लय बिघडवणारा भाग निकामी करण्याची प्रक्रिया) यांशिवाय ठीक राहिली, तर ३ टक्क्यांहून कमी उतरवणाऱ्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. इथे वजनासोबत रक्तदाब, साखर आणि झोपही सुधारते, त्यामुळे सारे श्रेय दाह कमी होण्याला देता येणार नाही. तरीही दाह कमी करणाऱ्या कोणत्याही गोळीने अद्याप इतके दाखवलेले नाही. कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या जुन्या औषधाकडून मोठी आशा होती, परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,२०९ रुग्णांच्या चाचणीत छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचे एट्रियल फिब्रिलेशन त्याने लक्षणीयरीत्या घटवले नाही आणि जुलाब मात्र वाढले.

ठळक आकडा पाहून घरच्या घरी जे उपाय सुरू होतात, त्यांची मला अधिक काळजी वाटते. 'सूज उतरावी' म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव घडवू शकते. कुणाच्या सल्ल्याने घेतलेले स्टिरॉइड स्वतःच लय बिघडवू शकते. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तापात आणि प्रतिजैविकांनी अचानक हलतो. ज्यांच्या ईसीजीत क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबलेले आहे, त्यांच्या बाबतीत दाह ते आणखी लांबवतो आणि ॲझिथ्रोमायसिनसारखे नेहमीचे प्रतिजैविक त्यात भर घालते. म्हणून आपल्याला लयीचा कोणता विकार आहे, हे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. सीआरपी सामान्य आला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी थांबवणेही तितकेच घातक आहे. ती गोळी वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, झडपांची अवस्था अशा गोष्टींवरून ठरते आणि त्या हिशेबात सीआरपी धरलेला नसतो.

आपल्या बाईंना डॉक्टरांनी आधी मागच्या पंधरवड्याबद्दल विचारले. सर्दी-खोकला झाला होता, तपासणीसाठी रक्त दिले त्या दिवशीही घसा धरलेला होता. हिमोग्लोबिन ९.८ होते, म्हणजे रक्तक्षय होता, त्यामुळे ईएसआरचा बराचसा भाग तिथेच उलगडला. शरीरातील लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन सामान्य दिसत होते, पण दाहात फेरिटिनही वर चढत असल्याने त्या आकड्यावर लोहाची कमतरता नाकारता येत नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा सीआरपी २.६ होता, ईएसआर ४१ होता आणि फेरिटिन उतरून लोहाची उणीव दाखवत होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लोह कमी पडत असेल, तर आतड्यातून थोडेथोडे रक्त जात नाही ना, हे पाहणे ओघानेच आले. चिठ्ठीवर दोन ओळी वाढल्या, शौचाच्या तपासणीची आणि लोहाच्या गोळीची. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे होती तशीच राहिली.