लाईट आली, पण कॉम्प्युटर उठेना

बटण दाबल्यावर पंखा अर्धा वेढा फिरतो आणि थांबतो. किंवा सगळे पंखे घोंघावतात, पण पडदा काळाच राहतो. किंवा कंपनीचं चिन्ह उमटतं आणि त्याखाली ठिपक्यांचं चक्र गरगरत बसतं. किंवा काहीच होत नाही, साधा दिवाही लागत नाही. लाईट जाऊन आल्यावर ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ या एकाच तक्रारीखाली हे चार वेगळे आजार येतात. चारही वेळा ‘एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) गेला असेल’ हा सल्ला मात्र कुणीही देतं. खिशात हात घालण्याआधी यंत्र नेमकं कुठवर पोचून अडतंय, तेवढं बघायला हवं.

त्यासाठी आधी आत काय घडतं ते समजून घेऊ. एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसी विजेची दिष्ट (डीसी) वीज करतो आणि ती एका जाडजूड कपॅसिटरमध्ये साठवतो. त्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट असतात, काही प्रकारांत ४०० च्या आसपास. लाईट गेली की पूर्ण भारावर हा साठा जेमतेम १६ मिलिसेकंद पुरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे तेवढाही वेळ नाही. साठा संपत आला की एसएमपीएस राखाडी वायरवरचा ‘पुरवठा ठीक आहे’ हा संकेत काढून घेतो आणि प्रोसेसर थांबतो. इथवर सहसा एकाही भागाला इजा झालेली नसते. लिहिता लिहिता अर्धवट राहिलेली फाइल तेवढी गेली.

इजा होते ती लाईट परत येताना. अख्ख्या कॉलनीतले फ्रिज, पंप आणि एसी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज काही क्षण झोके खातं. त्याच वेळी रिकामा झालेला कपॅसिटर एका दमात करंट ओढतो. त्याला आवर घालायला एसएमपीएसमध्ये थर्मिस्टर नावाचा एक छोटा रोधक असतो. थंड असताना त्याचा रोध ५ ते १० ओहम असतो, पण तापला की एका ओहमच्याही खाली येतो. लाईट ५-१० सेकंदांसाठी जाऊन लगेच आली, तर कपॅसिटर बराच रिकामा झालेला असतो आणि थर्मिस्टर मात्र तापलेलाच. आवर घालणारं कुणी उरत नाही आणि आतला फ्यूज किंवा डायोडचा ब्रिज (वीज दिष्ट करणारा भाग) उडतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये काम सुरू झाल्यावर रिले नावाचा एक आपोआप चालणारा स्विच थर्मिस्टरला बाजूला ठेवतो, त्यामुळे तो थंडच राहतो. स्वस्तातल्यांत ही सोय नसते. वीज तीन तास गेलेली परवडते, तिचा लपंडाव परवडत नाही, तो यामुळे. लाईट गेली की भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि आल्यावर ५ मिनिटं थांबायचं. याला पैसा लागत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तुटणं. खांबावर किंवा डीपीपाशी न्यूट्रल सुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांशी दोन फेजच्या मध्ये, ४०० व्होल्टच्या पुरवठ्यावर, जोडली जातात. मग एका घरात ३०० च्या वर व्होल्टेज जातं, तर शेजारी दीडशेच पोचतं. बिघाडाच्या आधी दिवे डोळे दिपवण्याइतके प्रखर झाले असतील किंवा शेजाऱ्यांचाही टीव्ही जळला असेल, तर कॉम्प्युटरला हात लावू नका. आधी वायरमनला बोलवा. नाहीतर नवा एसएमपीएसही त्याच वाटेने जाईल.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात लाईटचा काहीच दोष नसतो. कॉम्प्युटर बंद केला तरी प्लगमध्ये असेपर्यंत एसएमपीएसचा एक छोटा भाग चोवीस तास जागा असतो. तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देत राहतो, म्हणून तर पुढचं बटण काम करतं. या भागातले छोटे कपॅसिटर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून आतून वाळतात. ऊबदार असताना ते कसंबसं भागवतात, पण पूर्ण थंड झाले की सुरुवात करून देऊ शकत नाहीत. एरवी ते कधी थंडच होत नाहीत. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज चार-सहा तास बंद राहिली, की महिन्यांत पहिल्यांदा थंड होतात. नाव गुरुवारचं होतं, दुखणं मात्र जुनं.

तपासणी भिंतीपासून आत जावी. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून ‘लाईट आहे’ असं ठरवू नका. चार्जर १०० व्होल्टवरही चालतो, त्यामुळे कमी व्होल्टेज लपून जातं. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब मंद दिसतो की नाही, हे बघणं अधिक खरं. मल्टीमीटर असेल तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा हवा. तिथे पंचवीस-तीस दिसले तर अर्थिंग किंवा न्यूट्रल बिघडलेला आहे.

मग यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड मधून काढून थेट भिंतीला जोडा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि तिचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. लांबलेल्या लोडशेडिंगमध्ये ती पुरती रिकामी झाली की यूपीएस नुसता कुंईकुंई करतो आणि बोल मात्र कॉम्प्युटरला लागतो. मॉनिटरची पॉवर केबल तशीच असेल तर अदलाबदल करून बघा. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विचही तपासा, साफसफाईत तो हमखास दाबला जातो.

तरीही सगळं निपचित? मग केबल काढा, पुढचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि १० मिनिटं यंत्राला तसंच राहू द्या. हा टोटका वाटतो, पण त्यामागे कारण आहे. व्होल्टेजची उसळी जाणवली की एसएमपीएसचं संरक्षक मंडल स्वतःला कुलूप लावून घेतं आणि आतला साठा पूर्ण संपेपर्यंत ते उघडत नाही. बटण दाबल्याने उरलेला विद्युतभार निघून जायला मदत होते. याच वेळी प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क काढून टाका. त्यांतलं एखादं शॉर्ट झालं असेल तर कुलूप पुन्हा पुन्हा लागेल.

अर्धा वेढा फिरून थांबणाऱ्या पंख्याचाही हाच अर्थ असतो. राखीव पुरवठा ठीक आहे, मुख्य पुरवठा सुरू झाला, पण कुठेतरी शॉर्ट किंवा जादा भार दिसताच बंद पडला. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड, डिस्कच्या पॉवर केबल आणि पुढच्या यूएसबीची जोडणी काढून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम ठेवा. चालू झालं तर एकेक भाग परत जोडा, दरवेळी भिंतीतून केबल काढून. दोन भाग एकदम जोडण्याची घाई नडते.

मल्टीमीटर हाताशी असला तर २४ पिनच्या मोठ्या जोडणीवर बराच उलगडा होतो. केबल भिंतीत, कॉम्प्युटर बंद, मीटर दिष्ट व्होल्टवर. काळी टोकणी काळ्या वायरवर, लाल टोकणी जांभळ्या वायरवर. आकडा ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवा. शून्य असेल तर एसएमपीएस बहुधा खरोखरच गेला. आकडा बरोबर असूनही बटणाला दाद मिळत नसेल, तर बटणच खराब असू शकतं. मदरबोर्डवर ते जिथे जोडलेलं असतं, त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना लावून पाहा. यंत्र चालू झालं की पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या एसएमपीएसच्या साऱ्या वायरी काळ्या असतात, तिथे पिनचा क्रमांक मोजावा लागतो. जांभळी म्हणजे ९ वी पिन.

त्याच जोडणीतली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून एसएमपीएसचा पंखा फिरतो का ते पाहण्याची पद्धत पुष्कळांना ठाऊक आहे. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस मेला असण्याची शक्यता मोठी, पण कमी भारावर पंखा बंदच ठेवणारे एसएमपीएसही असतात. फिरला तर मात्र फारसं काही सिद्ध होत नाही, कारण भार पडल्यावर तो कोसळू शकतो. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. केबल काढल्यावरही त्या जाड कपॅसिटरवर जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

पंखे फिरतात पण पडदा काळा, तेव्हा आधी मॉनिटरची केबल पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावलेली हवी. मग रॅम काढून, संपर्कपट्ट्या पुसून परत बसवा. खोडरबर घासण्याची आपल्याकडची पद्धत चालते, पण रबराचा भुगा खाचेत पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड अधिक बरं. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं) असे चार बारीक दिवे असतात. ज्या दिव्यावर गाडी अडते तिथे दोष शोधा.

आता सीमॉस सेलकडे. सीमॉस म्हणजे बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या, निवडी जपणारी छोटी मेमरी. सीआर२०३२ नावाचा हा नाण्याएवढा सेल पन्नासएक रुपयांत मिळतो, आणि याच्यापायी किती विंडोज विनाकारण फॉरमॅट होतात याला गणती नाही. प्लगमध्ये असेपर्यंत घड्याळ राखीव पुरवठ्यावर चालतं, त्यामुळे सेल संपलेला कळत नाही. लाईट काही तास गेली की भार एकट्या सेलवर येतो आणि बायोसमधल्या साऱ्या निवडी पुसल्या जातात. तारीख काही वर्षं मागे जाते, एफ१ दाबायला सांगितलं जातं. इथवर लक्षात येतं. लक्षात येत नाही ते हे, की डिस्कशी बोलण्याची आणि तिच्यावरून विंडोज सुरू करण्याची पद्धतही मूळपदावर येते. विंडोज ‘रेड’ पद्धतीत बसवलेली असेल आणि बायोस ‘एएचसीआय’वर गेला, तर निळ्या पडद्यावर बूट डिस्क सापडत नसल्याची तक्रार येते. ‘यूईएफआय’ऐवजी जुनी ‘लेगसी’ पद्धत निवडली गेली, तर बूट करण्याजोगी डिस्क घाला असं सांगितलं जातं. डिस्क ठणठणीत असते. सेल बदला, निवड पूर्ववत करा, तारीख लावा. तारीख चुकीची राहिली तर बँकेची साइटही ‘असुरक्षित’ दिसेल. नव्या सेलवर ३ व्होल्टच्या थोडं वर दिसतं, २.७ च्या खाली गेलेला ठेवू नये.

सीमॉस मुद्दाम पुसायचा असेल तर थांबा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बायोसमधले बदल ओळखून ते ४८ अंकी किल्ली मागतं. नव्या लॅपटॉपवर ते आपल्या नकळत चालू असू शकतं. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून ती आधी हाती घ्या, मग पुढे जा. शिवाय डीडीआर५ रॅम असेल तर सीमॉस पुसल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. तेव्हा मदरबोर्ड रॅमशी वेळा जुळवत असतो. वैतागून केबल ओढली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

चक्र गरगरत राहणं हा डिस्कचा प्रश्न. विंडोजची एनटीएफएस फाइल-व्यवस्था बदलांची नोंदवही ठेवते. मध्येच वीज गेली तर त्या नोंदींवरून फोल्डरांचा सांगाडा सावरला जातो. फाइलच्या आतल्या मजकुराची हमी मात्र ती देत नाही. सलग काही वेळा सुरुवात फसली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. वीज जाताना अपडेट चालू होतं अशी शंका असेल तर तिथून ताजं अपडेट काढा. नाहीतर कमांडच्या खिडकीतून चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवा. पण आधी डिस्कला कान लावा. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर चेकडिस्क अजिबात नको. ते डिस्कभर फिरतं आणि मरणाऱ्या डिस्कचा उरलासुरला जीव त्यातच जातो. आधी दुसऱ्या यंत्राला जोडून कामाच्या फाइली उतरवून घ्या.

एसएसडी (चिपमध्ये मजकूर साठवणारी डिस्क) बायोसमध्येच दिसेनाशी झाली, तरी लगेच टाकून देऊ नका. कोणता मजकूर कुठल्या चिपमध्ये आहे याचा नकाशा ती स्वतः सांभाळते आणि अचानक वीज गेली की तो विस्कटू शकतो. साटा प्रकारची, म्हणजे केबलने जोडलेली, असेल तर तिची डेटा केबल काढून फक्त पॉवर द्या आणि अर्धा तास राहू द्या. मग ३० सेकंद बंद ठेवून पुन्हा तेच करा. काही एसएसडी एवढ्या वेळात नकाशा नव्याने मांडून परत येतात.

घरात इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचा स्विच बघा. ‘नॉर्मल’वर तो अदलाबदलीला जास्त वेळ घेतो, ‘यूपीएस’वर कमी. कॉम्प्युटरकडे १६ मिलिसेकंदच असतात. आणि वीज कडाडत असताना फक्त प्लग काढून भागत नाही, ब्रॉडबँडची तांब्याची केबलही काढा. तिच्यातून येणारी उसळी राउटर आणि मदरबोर्डवरचं नेटवर्कचं पोर्ट दोन्ही घेऊन जाते.

बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी एक निवड असते: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. सीसीटीव्हीची नोंद ठेवणाऱ्या किंवा कुणी नसताना चालणाऱ्या यंत्राला तिसरा पर्याय ठीक. घरच्या कॉम्प्युटरला पहिलाच लावा, म्हणजे व्होल्टेज झोके खात असतानाच्या पहिल्या मिनिटात तो आपणहून जागा होणार नाही.