मेन स्विच किती अँपिअरचा? आधी वायर बघा

घरात एसी येतो, मग गिझर, मग इंडक्शन, आणि एक दिवस मेन एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागतो, की लगेच सल्ला मिळतो, ३२ अँपिअरचा काढ आणि ६३ चा टाक. हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. मेन एमसीबी मुळात वायर वाचवायला असतो, आणि वायर जुनीच ठेवून तो मोठा केला की भिंतीतल्या वायरकडे लक्ष ठेवणारं कुणीच उरत नाही.

करंट गेला की वायर तापते, आणि ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच नीट टिकतं, त्याच्यावर रोज तापत राहिलं की कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत होत असतं त्यामुळे बाहेरून काही कळतच नाही.

म्हणून हिशोब दोन बाजूंनी करायचा. आधी लोड. समजा एसी १८०० वॅट, गिझर २०००, इंडक्शन २०००, पंप ७५०, दिवे पंखे फ्रीज मिळून ६००, आणि हे सगळं एकाच वेळी चालू राहू शकतं, तर झाले ७१५० वॅट, २३० व्होल्टने भागले की साधारण ३१ अँपिअर. मोटरवाली उपकरणं वॅटच्या हिशोबापेक्षा थोडा जास्त करंट ओढतात (याला पॉवर फॅक्टर म्हणतात), त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच जातो. इस्त्री, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन पण धरलं तर आकडा ४० च्या वर जातो, पण सगळं एकदम कधी चालतं का हे आपल्या घराच्या सवयी बघून प्रामाणिकपणे ठरवायचं. इथे एकाच वेळचा लोड ३१ च्या थोडा वर धरला तर ४० चा एमसीबी योग्य वाटतो.

आता वायर. तांब्याची ६ स्क्वेअर एमएम वायर भिंतीतल्या पाइपमधून, गरम हवेत, ३५ अँपिअरच्या आसपासच धरावी, कधी त्याहून कमी, म्हणजे ४० च्या एमसीबीला मीटरपासून १० स्क्वेअर एमएम लागणार. नियम एवढाच, लोडपेक्षा एमसीबी मोठा किंवा तेवढाच, आणि एमसीबीपेक्षा वायरची क्षमता मोठी किंवा तेवढीच. वायर बदलायची नसेल तर एमसीबी पण वाढवायचा नाही.

आणि ४० चा एमसीबी ४० अँपिअर झाले की पडतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. एमसीबीसाठीच्या आयईसी ६०८९८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे ४५ अँपिअरला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे ५८ अँपिअरला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ५५ अँपिअर बराच वेळ वाहू शकतात! वायर काठावरची निवडू नका असं मी म्हणतो ते याचसाठी. शॉर्टसर्किटला मात्र तो क्षणात पडतो, सी टाइपचा असेल तर ५ ते १० पट करंटला, त्यामुळे पंप सुरू होतानाचा झटका सहसा त्याला चालून जातो.

बोर्डवर मेन म्हणून नुसता आयसोलेटर असेल तर तो ओव्हरलोडला पडतच नाही, तो फक्त हाताने बंद करायचा. आरसीसीबी पण तसाच, ३० मिलिअँपिअरची गळती पकडतो, माणसाचा जीव वाचवतो, पण ओव्हरलोड त्याला समजत नाही, म्हणून ६३ च्या एमसीबीमागे ४० चा आरसीसीबी ठेवला तर बिचारा आरसीसीबीच जळेल. त्याचा आकडा एमसीबीइतका किंवा जास्तच हवा.

वीज कंपनीकडून मंजूर लोड किती आहे तेही आधी तपासा, कमी असेल तर आधी तो वाढवून घ्यायचा. आणि मेन बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर आणि मेनचे वरचे टर्मिनल जिवंतच असतात, त्यामुळे ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मीटरकडचा पुरवठा तोडूनच करायचं.