अडकलेल्या दाढांची विचित्र रूपे

ठरलेल्या वयात तोंडात न येता जबड्याच्या हाडात किंवा हिरडीखाली कोंडून राहिलेल्या दाढेला अडकलेली दाढ म्हणतात. दंतवैद्य तिला ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात, तर सांगली-साताऱ्याकडे पेशंट ‘दाढ आडवी आलीय’ एवढंच सांगतो. बहुतेक वेळा ही अक्कलदाढ, म्हणजे तिसरी दाढ असते. ‘दाढ’ हा शब्द संस्कृत ‘दंष्ट्रा’वरून प्राकृतातल्या ‘दाढा’मार्गे आला. ‘अक्कल’ मागून चिकटली, कारण ही दाढ साधारण 17 ते 25 या वयात उगवते.

खालची अक्कलदाढ तयार होते तीच मुळात कललेली. जबड्याच्या उभ्या फांदीच्या, म्हणजे कानाकडे वर जाणाऱ्या हाडाच्या बुडाशी, माथा पुढे करून ती वाढू लागते आणि जबडा लांबेल तशी हळूहळू उभी राहते. हे वळणं अर्ध्यात थांबलं की ती पुढच्या दाढेवर रेलते, आणि हाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. जॉर्ज विंटर या अमेरिकन दंतवैद्याने 1926 साली दाढेच्या कलावरून वर्ग पाडले : उभी, पुढे कललेली, मागे कललेली, आडवी, उलटी. पेल आणि ग्रेगरी यांनी 1933 मध्ये ती किती खोल आहे आणि उभ्या फांदीपुढे तिला किती जागा आहे, हेही मोजायला घेतलं. नेहमीच्या दाढा या दोन मापांत बसतात. उलटीसारख्या काही त्यांत बसूनही विरळा असतात, काही तर बसतच नाहीत, आणि ही नोंद त्यांच्याविषयी आहे.

उलट्या दाढेची मुळं वर आणि माथा जबड्याच्या खालच्या कडेकडे असतो. वरच्या जबड्यात असं झालं तर माथा गालाच्या हाडामागच्या पोकळीकडे, म्हणजे सायनसकडे वळतो. ती तोंडात उगवण्याचा प्रश्नच नसतो. वाढली तरी ती चुकीच्या दिशेने वाढणार.

जागा सोडून गेलेली दाढ त्याहून गोंधळात टाकते. अक्कलदाढ जबड्याच्या उभ्या फांदीत वर, कधी थेट कानापुढच्या सांध्याखालीही सापडते. वरची असेल तर सायनसच्या आत, अगदी डोळ्याच्या खोबणीच्या तळाशीसुद्धा. ती स्वतः होऊन एवढी चालत जात नाही. बऱ्याचदा तिला ढकललेलं असतं. माथ्याभोवतीच्या पातळ आवरणात पाणी साठून पिशवी धरते, तिला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात. ही पिशवी फुगत जाते तसं हाड झिजतं आणि दाढ लांब सरकते. पेशंट दातांच्या डॉक्टरकडे जातच नाही. कान दुखतो, एकाच नाकपुडीतून घाण वास येतो, म्हणून तो नाक-कान-घशाच्या दवाखान्यात बसलेला असतो.

समोरासमोर भिडलेल्या दाढांना दंतशास्त्रात ‘किसिंग मोलर्स’ म्हणतात. हे नाव व्हॅन हूफ यांच्या 1973 मधील नोंदीपासून रूढ झालं. एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली की जात्याच्या दोन तळ्या आडव्या पाडून एकमेकींना टेकवाव्यात, तशा दोन दाढा दिसतात. चावायचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले, मुळं विरुद्ध दिशांना पसरलेली आणि दोघींभोवती एकच काळसर वलय. जातं हाडाच्या आत असल्याने दळण मात्र कधीच होत नाही. 2012 मध्ये या दाढांचे तीन वर्ग सुचवले गेले : पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि तिसरी-चौथी. होय, काहींना चौथी दाढही असते. तिला डिस्टोमोलर म्हणतात. अशा जोड्या जबड्यात अनेक ठिकाणी दिसल्या तर दातांपुरतं पाहून भागत नाही, कारण म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या आनुवंशिक आजारातही त्या आढळतात.

पहिली किंवा दुसरी दाढ अडकणं तसं विरळाच. वाटेत काहीच आडवं नसताना दाढ वर येत नसेल तर कधी कधी दोष पीटीएच1आर या जनुकात असतो. अशा दाढेला तार लावून ओढण्यात अर्थ नाही. ती येत नाही आणि शेजारचे दात मात्र खाली खेचले जातात.

ठणका आणि दाढेचा विचित्रपणा यांचा मेळ बसत नाही. अर्धवट वर आलेल्या साध्या दाढेच्या हिरडीखाली भाकरीचा कण, उसाची चोयटी अडकते, गाल सुजतो, तोंड उघडत नाही, लवंग दाबून रात्र काढावी लागते. उलटी किंवा भिडलेली दाढ हाडात खोल असते, तिथे अन्न पोचत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं गप्प राहते. भलत्याच कारणाने ‘फोटो काढून आणा’ म्हटल्यावर ती सापडते. हा फोटो म्हणजे ओपीजी. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा जबडा एकाच फिल्मवर उतरतो. सांगली आणि कराडच्या दंत महाविद्यालयांत ही रोजची गोष्ट आहे. दाढ खोल असेल तर सीबीसीटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी पाहता येणारा स्कॅन करतात. तोंड मुळातच कमी उघडत असेल तर ते दाढेमुळे की गुटख्याने गालाचा आतला भाग ताठरल्यामुळे, हे आधी तपासावं लागतं, कारण पुढचं सगळं काम त्याच फटीतून करायचं असतं.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत गावोगाव आहे. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. खरी जपायची नस खालच्या जबड्यात असते. ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते आणि खोल दाढेची मुळं तिला टेकलेली असू शकतात. गप्प बसलेली, पिशवी न धरलेली दाढ म्हणूनच कित्येकदा तशीच ठेवून अधूनमधून फोटो काढून पाहतात. काढायचीच झाली तर ती अखंड उपटत नाहीत, मशीनने तुकडे करून काढतात. भिडलेल्या दाढांचे माथे आधी एकमेकांपासून सोडवावे लागतात, आणि उभ्या फांदीतल्या दाढेसाठी कधी पूर्ण भूल देऊन बाहेरून जावं लागतं. मुळं नसेला फारच चिकटून असतील तर फक्त माथा कापून मुळं आत ठेवण्याचा मार्ग आहे, त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. उलट्या दाढेत माथाच खाली असल्यामुळे हा मार्ग सहसा लागू पडत नाही. मागे ठेवलेली मुळं पुढच्या काही महिन्यांत अनेकदा थोडी वर सरकतात, आणि क्वचित ती काढायची वेळ आलीच तर तोवर नसेपासून सुटलेली असतात.