शितावरून भाताची परीक्षा: प्लेऑफ, क्वार्टरबॅक आणि योगायोगाचं गणित

डिसेंबर संपत आला की अमेरिकेतल्या क्रीडावाहिन्यांवर खटले सुरू होतात. नॅशनल फुटबॉल लीगच्या 32 संघांपैकी 14 संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जाणार असतात आणि त्या संघांचे क्वार्टरबॅक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जातात. याला मोठा सामना झेपतो का? दडपणाखाली याचा हात आखडतो का? याच्या नावावर विजेतेपद नाही, मग याला महान कसं म्हणायचं? अमेरिकेतल्या मराठी घरांतही हा वाद रंगतो. वाद घालणाऱ्यांचं खेळावर मनापासून प्रेम असतं, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या पुराव्यावर ते निकाल देतात तो पुरावा इतका तुटपुंजा असतो, की त्यातून माणसाचं कौशल्य कमी आणि योगायोगच जास्त दिसतो. हे नुसतं मत नाही, आकडेमोड करून दाखवता येतं.

खेळाची ओळख थोडक्यात. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती चेंडू सोपवतो किंवा पुढे पास फेकतो. पास सहकाऱ्याने झेलला तर तो पूर्ण झाला, जमिनीवर पडला तर फुकट गेला, आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते इंटरसेप्शन, म्हणजे चेंडूच गेला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचवला की टचडाऊन. 2021 पासून नियमित हंगाम 17 सामन्यांचा आहे. त्यानंतर प्लेऑफ, आणि तिथे हरलात की घरी. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना धरून विजेतेपद जिंकायला फार तर चार सामने जिंकावे लागतात.

या चार सामन्यांचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे बाल्टिमोर रेव्हन्सचा ज्यो फ्लॅको. 2012 च्या नियमित हंगामात त्याने 531 पास फेकले, 22 टचडाऊन केले, 10 इंटरसेप्शन दिली. चांगला खेळाडू, पण त्याच्यावर पोवाडे रचावेत असं काही नव्हतं. मग आली जानेवारी 2013 मध्ये सुरू झालेली प्लेऑफ. चार सामने, 126 पास, 11 टचडाऊन आणि इंटरसेप्शन शून्य. रेव्हन्सने सुपर बोल 34-31 असा जिंकला आणि फ्लॅको सामनावीर ठरला. काही आठवड्यांत त्याच्याशी सहा वर्षांसाठी 12 कोटी 6 लाख डॉलरचा करार झाला. वर्षाच्या सरासरी रकमेने लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार म्हणून तो गाजला. पुढच्या, म्हणजे 2013 च्या हंगामात फ्लॅकोने 19 टचडाऊन केले आणि 22 इंटरसेप्शन दिली. रेव्हन्स 8 विजय, 8 पराभवांवर थांबले, प्लेऑफही हुकली.

‘पैसा मिळाला आणि भूक संपली’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. आता एक वेगळा आकडा बघा. फ्लॅकोचे 2012 च्या नियमित हंगामात 59.7 टक्के पास पूर्ण झाले. त्या जादुई प्लेऑफमध्ये? 57.9 टक्के. आणि ‘भूक संपलेल्या’ 2013 मध्ये 59.0 टक्के. म्हणजे डोक्यावर मुकुट होता तेव्हा आणि टीका झाली तेव्हाही दर शंभरात पोहोचणाऱ्या पासांची संख्या साठच्या किंचित खालीच होती. बदलली ती दुर्मीळ घटनांची संख्या: टचडाऊन आणि इंटरसेप्शन. सगळा निकाल लागला तो याच दोन आकड्यांवर.

हे असं का होतं, ते आता जरा खोलात जाऊन पाहू. संख्याशास्त्रातला हा भाग मला अतिशय सुंदर वाटतो.

आपल्याला दिसणारा कुठलाही आकडा दोन गोष्टींची बेरीज असतो: खेळाडूचं खरं कौशल्य आणि त्या दिवसाचा योगायोग. कौशल्य आपल्याला थेट दिसत नाही. पण योगायोग साधारण किती हेलकावे देईल, याचा अंदाज शाळेत शिकलेल्या द्विपद वितरणावरून बांधता येतो. समजा, एका क्वार्टरबॅकचा पास पूर्ण होण्याची खरी शक्यता 65 टक्के आहे. एका सामन्यात तो 35 पास फेकतो. 0.65 गुणिले 0.35, भागिले 35, आणि त्याचं वर्गमूळ, हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे योगायोगाच्या हेलकाव्याचं माप. ते येतं सुमारे 8 टक्के. म्हणजे काहीही न बदलता, तोच माणूस, तोच हात, एका रविवारी 57 टक्के आणि पुढच्या रविवारी 73 टक्के पास पूर्ण करू शकतो. यात नवल करण्यासारखं काही नाही. हंगामभराचे 550 पास घेतले तर तेच विचलन 2 टक्क्यांवर येतं.

पण एकट्या योगायोगाचा हेलकावा मोजून भागत नाही. खेळाडू खेळाडूंमध्ये खरा फरक किती आहे, तेही कळायला हवं. अलीकडच्या हंगामांत बहुतेक मुख्य क्वार्टरबॅक 60 ते 70 टक्क्यांच्या पट्ट्यात असतात. तेव्हा खऱ्या कौशल्याचं विचलन 3 टक्के धरू. आता दोन्ही विचलनांचे वर्ग करायचे. एका सामन्यासाठी कौशल्याचा वर्ग 9, योगायोगाचा वर्ग 64. एकूण 73 मध्ये कौशल्याचा वाटा 9, म्हणजे 12 टक्के. हंगामासाठी 9 आणि 4, एकूण 13, वाटा 69 टक्के. एका सामन्यात कुणी सरासरीपेक्षा 10 टक्के वर गेला, तर त्यातलं सव्वा टक्का त्याच्या खात्यावर लिहायचं, बाकीचं योगायोगाच्या. हंगामभर 10 टक्के वर राहिला, तर जवळपास 7 टक्के त्याचे.

आता हेच इंटरसेप्शनला लावा. 2012 च्या सुमारास दर शंभर पासांमागे अडीच इंटरसेप्शन ही लीगची सरासरी होती. चांगल्या-वाईट क्वार्टरबॅकमधला खरा फरक लहान असतो, त्याचं विचलन अर्धा टक्का धरा. 126 पासांत योगायोगाचं विचलन येतं 1.4 टक्के. वर्ग केल्यावर कौशल्याचा वाटा उरतो 11 टक्के. याचा अर्थ असा, की 126 पासांत एकही इंटरसेप्शन न देणाऱ्या खेळाडूबद्दलचा आपला सर्वोत्तम अंदाज शून्य टक्के नसून सुमारे 2.2 टक्के आहे. आकडा शून्य दिसत असला तरी अंदाज सरासरीला जवळजवळ चिकटूनच राहतो! फ्लॅकोच्या स्वतःच्या नियमित हंगामाच्या दराने पाहिलं, तरी 126 पास इंटरसेप्शनविना जाण्याची शक्यता 9 टक्के निघते. अकरात एकदा घडणारी गोष्ट. तिला चमत्कार म्हणायची गरज नाही.

दिसलेल्या आकड्याला असं सरासरीकडे ओढून घेण्यामागे खणखणीत गणित आहे. चार्ल्स स्टाइन यांनी 1956 मध्ये दाखवलं, की तीन किंवा अधिक गोष्टींचे अंदाज एकाच वेळी करायचे असतील, तर प्रत्येकाची स्वतःची सरासरी तशीच वापरण्यापेक्षा कमी एकूण चूक करणारी पद्धत नेहमी असते. 1961 मध्ये विलार्ड जेम्स यांच्यासह त्यांनी तिचं सूत्र दिलं. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी 1977 मध्ये हे सूत्र बेसबॉलवर चालवून पाहिलं. 1970 च्या हंगामातले 18 फलंदाज, प्रत्येकाच्या पहिल्या 45 संधी. रोबेर्टो क्लेमेंटेची सरासरी, म्हणजे संधींमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, तेव्हा .400 होती, थर्मन मन्सनची .178. उरलेल्या हंगामात क्लेमेंटे .346 वर उतरला आणि मन्सन .316 वर चढला. सगळ्यांचे आकडे गटाच्या .265 या सरासरीकडे ओढून केलेला अंदाज आणि कच्च्या आकड्यांवरचा अंदाज यांची तुलना केली, तेव्हा कच्च्या आकड्यांची एकूण वर्गचूक, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज, साडेतीन पट निघाली. क्लेमेंटेवर मात्र या सूत्राने अन्याय केला. त्याचा अंदाज .294 आला आणि तो खरोखरच त्याहून पुष्कळ मोठा फलंदाज होता. सूत्र गटाची एकूण चूक कमी करतं, प्रत्येक माणसाबद्दल अचूक राहण्याचं वचन देत नाही. असामान्य माणसाला आपली असामान्यता सिद्ध करायला जास्त संधी लागतात, आणि चार सामन्यांत त्या मिळत नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो आणि ती बरोबरही येते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं सारखीच शिजतात. पास तसे नसतात. त्याच प्लेऑफमधला डेन्व्हरचा सामना घ्या. रेव्हन्स 28-35 असे मागे होते, मिनिटभरही उरलं नव्हतं. फ्लॅकोने उंच, लांब पास टाकला, डेन्व्हरच्या बचावपटूचा अंदाज चुकला, चेंडू त्याच्या डोक्यावरून जेकोबी जोन्सच्या हातात पडला आणि 70 यार्डांचा टचडाऊन झाला. 31 सेकंद बाकी. दुसऱ्या जादा वेळेत रेव्हन्स 38-35 असे जिंकले. तो बचावपटू दोन पावलं मागे असता, तर सुपर बोल नाही, सामनावीर नाही, तो करारही बहुधा नाही.

जाता जाता एका अंधश्रद्धेबद्दल बोललंच पाहिजे. अमेरिकेत अशी समजूत आहे, की ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या खेळाडूला शाप लागतो, त्याचा खेळ घसरतो. मॅडन या व्हिडिओ गेमच्या वेष्टनाबद्दलही तेच म्हणतात. आपल्याकडे कौतुक झालेल्या मुलाचे पुढच्या परीक्षेत गुण कमी झाले, की मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. मुखपृष्ठावर माणूस येतो तो त्याच्या सर्वोत्तम आठवड्यानंतर, आणि सर्वोत्तम आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा त्याहून साधाच असणार. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच सरासरीकडे परतणं मोजून दाखवलं होतं. शाप नाही, नजर नाही. दुर्दैवाने या गैरसमजाचा आता धंदाही झाला आहे. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याचा मार्ग राज्यांसाठी मोकळा केला. तेव्हापासून ‘हा सध्या फॉर्मात आहे’ या वाक्यावर रोज लोकांच्या खिशातला पैसा जातो. याची मला मनापासून चिंता वाटते.

संघांचंही तसंच आहे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता नेमकी निम्मी असलेला, अगदी मध्यम संघ घ्या. 17 सामन्यांत तो 11 किंवा जास्त सामने जिंकेल याची शक्यता सहात एक आहे, आणि 6 किंवा कमी जिंकेल याचीही सहात एक. पहिल्या प्रकारात प्रशिक्षकाचा सत्कार होतो, दुसऱ्यात त्याची हकालपट्टी. पुढे प्लेऑफमध्ये प्रत्येक सामन्यात 65 टक्के शक्यता घेऊन उतरणारा बलाढ्य संघसुद्धा सलग तीन सामने 27 टक्के वेळाच जिंकतो.

मग न्याय करायचा कसा? 1973 पासून लीग जे पासर रेटिंग वापरते त्यात पूर्ण पास, यार्ड, टचडाऊन आणि इंटरसेप्शन यांची सरमिसळ असते आणि त्याची कमाल 158.3 अशी विचित्र आहे. त्यातले दोन घटक तर वर पाहिलेल्या दुर्मीळ घटनाच आहेत. मला त्याहून पुष्कळ आवडते ती व्हर्जिल कार्टर यांची कल्पना. कार्टर हे सिनसिनाटी बेंगल्सचे क्वार्टरबॅक. रॉबर्ट मेकॉल यांच्यासोबत 1971 मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि मैदानावरच्या प्रत्येक जागेची किंमत गुणांत काढली. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून 5 यार्डांवर चेंडू असेल तर तो सुमारे 6 गुणांचा, आणि आपल्याच गोलरेषेपासून 5 यार्डांवर असेल तर उणे सव्वा गुणाचा, कारण तिथून पुढचे गुण प्रतिस्पर्धीच करण्याचा संभव जास्त. आज प्रत्येक पासाने ही किंमत किती वाढली किंवा घटली, याची बेरीज करून क्वार्टरबॅक तोलतात. यात टचडाऊनच्या आधीचे नऊ-दहा चांगले पासही मोजले जातात, त्यामुळे पुरावा भक्कम होतो. अर्थात झेलणारे आणि पुढे उभे राहून क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे सहकारी या बेरजेतून वेगळे काढता येत नाहीत. 2013 मध्ये फ्लॅकोचा भरवशाचा झेलणारा अंक्वान बोल्डिन दुसऱ्या संघात गेला होता. त्यामुळे त्याची सगळी घसरण योगायोगाच्या माथी मारणंही चूक ठरेल.

ज्यांनी भरपूर प्लेऑफ सामने खेळले, त्यांच्याकडे बघितलं तर चित्र जास्त स्वच्छ होतं. टॉम ब्रेडी 48 सामने खेळला, 35 जिंकला, सात विजेतेपदं मिळवली, आणि मोठ्या सामन्यांचा राजा ठरला. पेटन मॅनिंग 27 खेळला, 14 जिंकला, आणि वर्षानुवर्षं ‘जानेवारीत कच खाणारा’ म्हणवला गेला. ब्रेडीचं रेटिंग नियमित हंगामात 97 आणि प्लेऑफमध्ये 90 च्या आसपास, मॅनिंगचं 96 च्या वर आणि 87 च्या आसपास. दोघांचंही घसरलं, जवळपास सारखंच, कारण प्लेऑफमध्ये समोरचे संघ जास्त चांगले असतात. मॅनिंगचं दुसरं विजेतेपद 2015 च्या हंगामातलं. त्या हंगामात त्याने 9 टचडाऊन केले होते आणि 17 इंटरसेप्शन दिली होती. सुपर बोलमध्ये त्याने एकूण 141 यार्डांचे पास पूर्ण केले, डेन्व्हरच्या बचावफळीने कॅरोलायनाला 10 गुणांवर रोखलं आणि सामनावीर ठरला बचावपटू व्हॉन मिलर.