सेलमध्ये दिसणारी संख्या आणि सेलमध्ये असलेली संख्या

एक्सेलच्या एखाद्या सेलमध्ये ४५००० ही संख्या टाइप करून त्या सेलला तारखेचा फॉरमॅट दिला, की तिथे १५ मार्च २०२३ ही तारीख दिसू लागते. सेलमधली किंमत मात्र ४५०००च राहते, कारण एक्सेल १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून प्रत्येक तारीख दिवसांच्या मोजणीतला आकडा म्हणून साठवते आणि वेळ हा दिवसाचा अपूर्णांक मानते. (या मोजणीत १९०० हे लीप वर्ष धरलेले आहे; लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी सुसंगती राहावी म्हणून ही चूक जाणूनबुजून कायम ठेवली गेली.) साठवलेली किंमत आणि तिचे दर्शनी रूप यांच्यातल्या या फारकतीवरच कस्टम नंबर फॉरमॅटची, म्हणजे संख्या कशी दिसावी हे स्वतः कोड लिहून ठरवण्याच्या सोयीची, सारी किमया उभी आहे.

फॉरमॅटच्या कोडमध्ये शून्य लिहिले की त्या जागी अंक दिसतोच, तर # लिहिले की गरज असेल तरच दिसतो. म्हणून ०.०० या कोडने ७.५ ही संख्या ७.५० अशी दिसते आणि #.## या कोडने ७.५ अशीच राहते. पण याच दुसऱ्या कोडने ७ ही पूर्ण संख्या मागे लोंबकळणाऱ्या दशांश चिन्हासह ‘७.’ अशी दिसते, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंकांच्या शेवटी दिलेला प्रत्येक स्वल्पविराम दर्शनी संख्येला हजाराने भागतो, त्यामुळे ‘०.०,,’ या कोडने २५,००,००० ही संख्या २.५ अशी दिसते.

कोडचे अर्धविरामाने वेगळे केलेले चार भाग करता येतात आणि ते अनुक्रमे धन संख्या, ऋण संख्या, शून्य आणि मजकूर यांना लागू होतात. यातला दुसरा भाग फार जपून लिहावा लागतो, कारण तो एकदा दिला की उणे चिन्ह आपोआप येत नाही. ‘०;०’ असा कोड दिला तर उणे ५ हे सरळ ५ असे दिसते आणि तक्ता वाचणाऱ्याला तोटा हा नफा वाटू शकतो. नुसते तीन अर्धविराम दिले तर सेल रिकामा भासतो, पण तो निवडताच फॉर्म्युला बारमध्ये किंमत दिसते; गोपनीय माहिती लपवण्यासाठी या युक्तीवर मुळीच विसंबू नये.

सर्वाधिक गोंधळ बेरजेत होतो. दोन सेलमध्ये प्रत्येकी २.४ असेल आणि फॉरमॅट पूर्णांकाचा असेल, तर कागदावर २ अधिक २ बरोबर ५ असे छापले जाते, कारण ४.८ ही बेरीज खऱ्या किमतींची असते. हिशेबातच पूर्णांक हवे असतील तर राउंड फंक्शन वापरावे. दिसते तेवढीच अचूकता ठेवणारे सेटिंगही एक्सेलमध्ये आहे, पण ते मूळ अंक कायमचे पुसून टाकते, म्हणून ते वापरू नये असेच माझे स्पष्ट मत आहे.

वेळेच्या बेरजेत मात्र दोष केवळ फॉरमॅटचा असतो. नऊ-नऊ तासांच्या तीन पाळ्यांची बेरीज तास-मिनिटांच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ३:०० दिसते, कारण पूर्ण झालेला दिवस त्यात दाखवलाच जात नाही. कोडमधले तासांचे अक्षर चौकटी कंसात घातले, की त्याच सेलमध्ये २७:०० दिसते.