भांगाचे दिवस : मच्छीमारांच्या मौखिक इतिहासाची पार्श्वभूमी

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका वयस्कर तांडेलांची, म्हणजे होडीवरच्या प्रमुखांची, मुलाखत आम्ही पुण्यात बसून कागदावर उतरवत होतो. भांगाला डोल घरी असायची, असं ते बोलले होते. लिहिणाऱ्याने तिथे ‘ओहोटीला’ असं घातलं. तपासायचं काम माझं होतं आणि मीही ते तसंच जाऊ दिलं. चूक एका शब्दाची होती, पण तिने त्या माणसाच्या कामाचं सगळं वेळापत्रकच पुसलं गेलं.

ओहोटी रोज दोनदा येते. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही आणि पाण्याला ओढ नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं तेव्हा प्रवाह जोरात असतो. डोल हे पिशवीसारखं लांबलचक जाळं, समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं. माशाच्या मागे ते धावत नाही. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं आणि बोंबील, जवळा, करंदी पाण्याच्या ओढीने आत येतात. पाणी फिरायच्या आत तोंड उचलावं लागतं. म्हणजे उधाणाचे दिवस दर्यावर, रात्र-दिवस न पाहता, आणि भांगाचे दिवस किनाऱ्यावर जाळी धुण्या-विणण्यात. महिन्यातून दोनदा हे चक्र फिरतं. अशा माणसाला ‘दिवसाला किती तास काम करायचात?’ असं विचारलं, तर तो गप्प बसतो. कारण प्रश्नच त्याच्या आयुष्यात बसत नाही.

आपण पुणेकर कागदाच्या इतिहासात वाढलो. पेशवे दफ्तर इथे, १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथे. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत होते आणि त्यांच्या साधनखंडांपैकी पहिला १८९८ मध्ये निघाला. या परंपरेचं ऋण मोठं आहे आणि ते मी मनापासून मानते. पण दर्यावर जगणारे लोक त्या कागदांत येतात ते बहुतेक आरमाराच्या किंवा वसुलीच्या निमित्ताने. जंजिऱ्याला शिड्या लावायला गेलेले लाय पाटील आपल्याला ठाऊक असतात. एरवीच्या दिवशी त्यांच्या गावचा कोळी कुठल्या वाऱ्याला निघायचा, मिळालेली मासळी कशी वाटून घ्यायचा, हे कोणी लिहून ठेवण्याचं कारणच नव्हतं.

इंग्रजांनी मोजदाद केली. रत्नागिरीचं गॅझेटिअर १८८० चं, ठाण्याचं १८८२ चं, कुलाब्याचं १८८३ चं. त्यांत माशांच्या याद्या आहेत, जाळ्यांचे प्रकार आहेत, जातींची वर्णनं आहेत. हे सगळं उपयोगी आहे. पण आवाज साहेबाचा, माहिती पुरवणारा बिननावाचा. स्वातंत्र्यानंतर समाजशास्त्रज्ञ कोळीवाड्यात गेले. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथून पुढे समाजाचं चित्र उभं राहायला लागलं, तरी एकेका माणसाने स्वतःचं काम स्वतः सांगायचं, हे अजून यायचं होतं.

ती पद्धत बाहेरही हळूहळूच घडली. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलाखती मोठ्या माणसांच्याच होत्या. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठातल्या पॉल थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोख बदलला. सामान्य कामकरी माणसं आणि त्यांत मच्छीमारही ध्वनिमुद्रकासमोर बसले. अमेरिकेच्या सागरी संस्थेने, नोआने, मच्छीमारांच्या मुलाखतींचं भांडार कुणालाही ऐकता येईल असं खुलं केलं. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या बोलण्यातून उभा केलेला गिरणगावचा इतिहास २००४ मध्ये आला. कोळीवाड्यांना तेवढं मोठं काम अजून लाभायचं आहे, असं मला वाटतं.

पुण्याकडे मात्र याचं एक अस्सल उदाहरण आहे. गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळातल्या बायांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आज तो संग्रह लाखाच्या वर आहे. ओवी सांगणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, तिचा शब्द जसाच्या तसा ठेवायचा, ही शिस्त तिथे दिसते. ‘भांग’ची ‘ओहोटी’ झाल्यावर मला आधी त्या ओव्या आठवल्या. आम्ही शुद्ध करायला बसलो होतो आणि खरं तर पुसत होतो. आता आमचा नियम असा आहे की म्हावरं म्हटलं असेल तर म्हावरंच लिहायचं, आणि शब्द अडला तर फोन करून विचारायचा.

किनाऱ्यावर सन फारसा कोणी सांगत नाही. रामदास बुडाली तेव्हा मी पोर होतो, असं उत्तर येतं. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या कितीतरी जणांना कोळ्यांनीच आपल्या होड्यांत ओढून घेतलं होतं. नंतरच्या पिढीचा खुणेचा दगड म्हणजे नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ. त्याच्याही नंतरच्यांचा जून २०२० चं निसर्ग वादळ. मुलाखत घेणाऱ्याला ही पंचांगं पाठ हवीत.

या आठवणींची निकड कशात आहे, तर कामच बदललं त्यात. शिडाच्या होडीवर मतलई वारा धरून पहाटे निघायचं आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हे करणारे आता ऐंशीच्या घरात आहेत. १९५० नंतर सरकारी मदतीने होड्यांवर इंजिनं बसली, मग ट्रॉलर आले. सणाच्या धाग्याची आणि सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत. नायलॉन आलं आणि ते अख्खं कामच गेलं. डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून समुद्रातली जागा ओळखायची विद्याही जीपीएसपुढे मागे पडली. खुंट कुठे ठोकायचा हा हक्क घराण्याचा असे. त्याचा सातबारा कुठेच नव्हता, तो गावाच्या तोंडी होता.

सिंधुदुर्गात रापण ओढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं हे जाळं, मासळीचे वाटे ठरलेले. मोठं जाळं टाकून माशांचा थवाच घेरणाऱ्या पर्ससीन नौका वाढल्यावर किनाऱ्याशी येणारी मासळी कमी झाली, ही त्यांची तक्रार. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. पूर्वी कुठल्या महिन्यात काय लागायचं, याची म्हाताऱ्यांची आठवण अशा वादात पुरावा म्हणून पुढे येते. म्हणून तारीख, जागा, माशाचं स्थानिक नाव मुलाखतीत नीट विचारून घ्यावं लागतं.

आणि एक उणीव आमच्या पद्धतीतच आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, पुरुष घरी, बोलायला सवड. पुण्याहून जाणारे आम्ही हेच दोन महिने निवडतो, त्यामुळे आमच्या जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रणात पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. पण ताजी मासळी नसते तेव्हाच सुकटीचा, सुक्या बोंबलाचा धंदा चालतो. उन्हाळ्यात वाळवून भरून ठेवलेला माल घेऊन बाया पहाटेच बाजाराला गेलेल्या असतात. लिलावात भाव कसा चढवायचा, उधारी कुणाला द्यायची, इंजिनाचा हप्ता कशातून फेडायचा, हे त्यांना ठाऊक. आम्ही पोचतो तेव्हा घरी तांडेल भेटतात, आणि बाया संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन परततात तोवर आमची पुण्याची एसटी सुटायची वेळ झालेली असते. या वर्षी आम्ही दोघीजणी मुक्कामालाच जाणार आहोत, आणि सकाळी त्यांच्याबरोबर बाजारात.