ब्रिटिश भूगोलज्ञ

सोळाव्या शतकापासून आजपर्यंत ब्रिटनमध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागाचे वर्णन, मोजणी, नकाशांकन आणि विश्लेषण करणाऱ्या अभ्यासकांचा या नोंदीत विचार केला आहे. पहिल्या तीन शतकांत यांपैकी बहुतेकांचा चरितार्थ भूगोलावर चालत नव्हता. कोणी धर्मोपदेशक होते, कोणी नौदलात, कोणी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत, तर कोणी सरकारी कचेरीत. आणि कोणाच्या हाती कोणती माहिती पडावी व ती कशासाठी वापरली जावी, हे बव्हंशी त्या चाकरीवरच ठरले.

रिचर्ड हॅक्लूट (सु. १५५२–१६१६) हे धर्मोपदेशक होते. लंडनमध्ये वकिली करणाऱ्या, त्यांच्याच नावाच्या चुलतभावाच्या खोलीत पसरून ठेवलेला जगाचा नकाशा शाळकरी वयात पाहिला आणि तेव्हापासून या विषयाची गोडी लागली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १५८३ मध्ये ते पॅरिसमधील इंग्रज राजदूताकडे धर्मोपदेशक म्हणून गेले. याहून दूरचा प्रवास त्यांनी आयुष्यात केला नाही. खलाशी, व्यापारी व कैदेतून सुटून आलेले प्रवासी यांच्याकडून पत्रे, दैनंदिन्या आणि सनदा मिळवून त्यांनी इंग्रजांच्या सागरी प्रवासांचा संग्रह १५८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १५९८ ते १६०० या काळात तो वाढवून तीन खंडांत काढला. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५७९ मध्ये गोव्याहून वडिलांना लिहिलेले पत्र या संग्रहात आहे. पूर्व–पश्चिम जाणाऱ्या जहाजाला आधार घ्यावा असा एकही स्थिर बिंदू आकाशात नसतो, ही रेखांशाची अडचण स्टीफन्स यांनी त्यात नेमकेपणाने सांगितली आहे. राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याला पोर्तुगीजांनी १५८३ मध्ये गोव्यात कैदेत टाकले, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. फिचची हकीकतही पुढे हॅक्लूट यांनीच छापली.

सतराव्या शतकात मोठी भर पडली नाही. राजपक्षाचे धर्मोपदेशक पीटर हेलिन (१५९९–१६६२) राजा व पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात आपली पदे गमावून बसले आणि त्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी जगाचे वर्णन करणारा जाडजूड ग्रंथ १६५२ मध्ये पुरा केला. व्हेरेनियस या जर्मन अभ्यासकाचा सामान्य भूगोलावरील लॅटिन ग्रंथ केंब्रिजमध्ये १६७२ साली संपादित करून छापला, तो आयझॅक न्यूटन यांनी.

जेम्स रेनेल (१७४२–१८३०) यांच्यापासून ब्रिटिश भूगोलाला मोजणीची शिस्त लागली. डेव्हनमध्ये जन्मलेले, लहानपणीच वडील गमावलेले रेनेल चौदाव्या वर्षी नौदलात शिरले आणि तेथेच बंदरांची मोजणी शिकले. सात वर्षांचे युद्ध संपल्यावर बढतीची आशा उरली नाही, म्हणून त्यांनी कंपनीची चाकरी धरली. १७६४ मध्ये गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट यांनी त्यांना दिलेले पहिले काम अगदी व्यापारी होते: गंगेतून कलकत्त्याकडे मोठ्या नावा बारमाही नेता येतील असा जवळचा जलमार्ग शोधणे. होकायंत्राने दिशा, साखळीने किंवा चाकाने अंतर आणि अधूनमधून सूर्य–ताऱ्यांवरून अक्षांश ताडून पाहणे, अशी त्यांची पद्धत होती. १७६७ मध्ये ते बंगालचे सर्व्हेयर जनरल झाले. त्याआधीच, १७६६ मध्ये, भूतानच्या सीमेजवळ संन्याशांच्या टोळीशी झालेल्या चकमकीत त्यांच्या खांद्यावर तलवारीचे खोल वार बसले होते. त्यांना उघड्या होडीतून ढाक्याला आणावे लागले. ते वाचले, पण प्रकृती पुढे कधीच पूर्ववत झाली नाही.

१७७७ मध्ये त्यांनी भारत सोडला. कंपनीच्या निवृत्तिवेतनावर लंडनमध्ये राहून त्यांनी बंगालचा नकाशासंग्रह आणि पाठोपाठ १७८२ मध्ये संपूर्ण हिंदुस्थानचा नकाशा तयार केला. दख्खन व मध्य भारत त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. तो भाग त्यांनी फौजांच्या कूचांतील अंतरांवरून जुळवला. पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात यमुनेकडून बऱ्हाणपूरमार्गे सुरतेस गेलेल्या गॉडर्ड यांच्या फौजेची नोंद त्यात महत्त्वाची होती. मराठ्यांच्या मुलखाचे त्या नकाशातील रूप मराठ्यांशी चाललेल्या लढाईतूनच निपजले, हे तो वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. नकाशाच्या शीर्षकचित्रात पंडित आपले धर्मग्रंथ ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, स्वाधीन करताना दाखवले आहेत, त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. बंगालच्या नकाशांचे मोल मात्र आजही टिकून आहे. १७८७ च्या महापुरानंतर तिस्ता आणि ब्रह्मपुत्रा यांनी पात्रे बदलली. त्यापूर्वी ब्रह्मपुत्रा मैमनसिंगच्या पूर्वेने वाहत होती, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा रेनेल यांच्या मोजणीत मिळतो.

न पाहिलेल्या प्रदेशाचा नकाशा टेबलावर जुळवण्याची ही रीत आफ्रिकेच्या बाबतीत फसली. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क यांच्या प्रवासवृत्तासाठी १७९८ मध्ये केलेल्या नकाशात नायजर नदीच्या दक्षिणेस रेनेल यांनी काँग पर्वतांची लांबलचक रांग काढली. तेथे असे पर्वतच नव्हते. तरी रेनेल यांच्या नावाच्या वजनाने ते शंभर वर्षे एका नकाशातून दुसऱ्यात उतरत राहिले. फ्रेंच अधिकारी बँझे यांनी १८८७ ते १८८९ दरम्यान तो प्रदेश प्रत्यक्ष पायाखाली घातला, तेव्हाच ते पुसले गेले.

रेनेल वारले त्याच वर्षी, १८३० मध्ये, लंडनमध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर थोड्याच काळात मुंबईतही भौगोलिक मंडळ निघाले आणि १८७३ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाले. लंडनच्या संस्थेचे पहिले सचिव, नौदलातील कप्तान अलेक्झांडर मॅकॉनकी, १८३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक झाले; ब्रिटनमधील हे अशा प्रकारचे पहिलेच पद होते. तीन वर्षांत ते सोडून मॅकॉनकी टास्मानियाला गेले, पुढे नॉरफोक बेटावरील कैद्यांच्या वसाहतीचे प्रमुख म्हणून तुरुंगसुधारणेसाठी नावाजले आणि कॉलेजातील पद कित्येक दशके रिकामे पडले. क्लेमेंट्स मार्कम (१८३०–१९१६) यांनी इंडिया ऑफिसातील नोकरीच्या जोरावर अँडीजमधून क्विनाइन देणाऱ्या सिंकोनाची रोपे निलगिरीत आणवली, संस्थेचे सचिवपद पंचवीस वर्षे आणि अध्यक्षपद बारा वर्षे सांभाळले.

संस्थेची सुवर्णपदके मिळत ती प्रवासाच्या नेत्यांना. आफ्रिकेचे संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात मरण पावले, तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव व मृत्यूची तारीख कोरणारे जेकब वेनराइट हे नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या शाळेत शिकलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकी तरुण होते. शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत ते होते आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनालाही ते हजर होते. भूगोलाच्या इतिहासात अशा माणसांना जागा मिळायला आणखी शतकभर लागले.

स्त्रियांची वाटही अडलेलीच होती. मेरी सॉमरव्हिल (१७८०–१८७२) यांनी प्राकृतिक भूगोलावरील इंग्रजीतील पहिले मोठे पाठ्यपुस्तक १८४८ मध्ये लिहिले; संस्थेने त्यांना १८६९ मध्ये सुवर्णपदक दिले, सदस्यत्व नाही. १८९२–९३ मध्ये प्रवासलेखिका इझाबेला बर्ड यांच्यासह २२ स्त्रियांना प्रवेश मिळाल्यावर मोठा वाद पेटून दार पुन्हा बंद झाले. विरोधकांत अग्रभागी असलेले लॉर्ड कर्झन, हिंदुस्थानचे व्हाइसरॉयपद भोगून संस्थेचे अध्यक्ष झाल्यावर, १९१३ मध्ये तेच दार उघडण्याच्या बाजूने उभे राहिले. मूळच्या जीवशास्त्रज्ञ मॅरियन न्यूबिगिन (१८६९–१९३४) यांनी १९०२ पासून मृत्यूपर्यंत स्कॉटिश भूगोल मासिकाचे संपादन केले.

ब्रिटिश शाळा–विद्यापीठांत भूगोल किती मागासलेला आहे, हे जॉन स्कॉट केल्टी यांच्या १८८५ च्या अहवालाने उघड केले. त्यानंतर १८८७ मध्ये संस्थेने खर्चाचा वाटा उचलून ऑक्सफर्डमध्ये अध्यापकाचे पद निर्माण केले आणि त्यावर हॅलफर्ड मॅकिंडर (१८६१–१९४७) यांची नेमणूक झाली. पहिल्या व्याख्यानाला तीनच श्रोते होते, त्यांतल्या दोन स्त्रियांनी विणकाम सोबत आणले होते, असे तेच पुढे सांगत. त्यांनी उभारलेला ऑक्सफर्डमधील भूगोल विभाग आणि त्यांनीच केलेले माउंट केन्याचे पहिले आरोहण, दोन्ही १८९९ मधले. युरेशियाच्या अंतर्भागावर ज्याची सत्ता, तो जगावर वरचढ ठरेल, हा त्यांचा १९०४ मधील सिद्धांत सर्वांत गाजला. अध्यापक राहून त्यांचे समाधान होत नव्हते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक, मग ग्लासगोतून खासदार, मग दक्षिण रशियात ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, असा त्यांचा प्रवास झाला.

पुढच्या पिढीला विद्यापीठात कायमची नोकरी मिळू लागली. ब्रह्मदेशात तेलाच्या शोधात भूवैज्ञानिक म्हणून उमेदवारी केलेले डडली स्टँप (१८९८–१९६६) यांनी १९३० च्या दशकात शिक्षक आणि हजारो शाळकरी मुलांच्या मदतीने ब्रिटनच्या शेतांचा, कुरणांचा व वनांचा वापर मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशांवर नोंदवून घेतला. दुसऱ्या महायुद्धात शेतजमिनीचे नियोजन करताना तो कामी आला. रंगून विद्यापीठात शिकवलेले ओ. एच. के. स्पेट (१९११–२०००) १९४७ मध्ये फाळणीची रेषा ठरवणाऱ्या पंजाब सीमा आयोगापुढे बाजू मांडण्यासाठी अहमदिया समाजाचे सल्लागार म्हणून लाहोरला गेले. भारत आणि पाकिस्तानवरील त्यांचा १९५४ चा ग्रंथ भारतीय विद्यापीठांत दीर्घकाळ वाचला गेला.

१९६० च्या दशकात केंब्रिजमधून संख्यात्मक पद्धतींची लाट आली. केंटमधील हॉप्सच्या (बिअरसाठी लागणाऱ्या वेलीच्या) लागवडीवर प्रबंध लिहिणारे डेव्हिड हार्वे (जन्म १९३५) तिचे तत्त्वज्ञ ठरले. पण १९६९ मध्ये बाल्टिमोरला गेल्यावर तेथील घरभाड्यांचा व वस्त्यांचा अभ्यास करताना ते मार्क्सकडे वळले. कामगार वस्तीत वाढलेल्या डोरीन मॅसी (१९४४–२०१६) यांनी उद्योगांच्या स्थानांतरामागचे श्रमविभाजन उलगडले आणि १९८२ पासून ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अध्यापन केले.

विद्यापीठीय अभ्यासकांनी १९३३ मध्ये काढलेली वेगळी संघटना १९९५ मध्ये जुन्या संस्थेत विलीन झाली. त्याच वर्षी नायजेरियात तेलउत्खननाविरुद्ध लढणारे लेखक केन सारो-विवा यांना फाशी दिल्यावर, संस्थेची आश्रयदाती असलेल्या तेथे तेल काढणाऱ्या शेल या कंपनीशी संबंध तोडावेत, अशी मागणी अनेक भूगोलज्ञांनी केली. संस्थेने ती मानली नाही आणि काहींनी सदस्यत्व सोडले.